शाळेचे नेतृत्व : एका खुर्चीचे की साऱ्या शिक्षकवृंदाचे?

(प्राथमिक व माध्यमिक शाळांच्या मुख्याध्यापकांसाठी भरलेल्या उद्बोधन वर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



जुन्या शाळेच्या कार्यालयात पाऊल टाकले, की बहुधा एक काळा फलक समोर दिसतो. शाळा स्थापन झाल्यापासून आजतागायतच्या मुख्याध्यापकांची नावे आणि त्यांचा कार्यकाल त्यावर पांढऱ्या रंगात क्रमाने लिहिलेला असतो. फलक उपयोगाचा आहे, यात शंका नाही. परंतु शाळेचा इतिहास म्हणजे मुख्याध्यापकांची नामावळी, असा एक समज तो नकळत रुजवितो. पहिलीचा वर्ग सलग बारा-पंधरा वर्षे कोणी सांभाळला, गणित शिकविणारे दोन शिक्षक आपापल्या वर्गांची अदलाबदल करून मुलांची धास्ती कशी घालवीत, पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले म्हणजे मुलांना पलीकडे कोण पोहोचवी, याची नोंद त्या फलकावर नसते. इतरत्रही ती सहसा सापडत नाही. शाळा मात्र बव्हंशी या नोंद नसलेल्या गोष्टींवर चाललेली असते.

शिक्षकांचे सामूहिक नेतृत्व हा विषय काहीसा गुळगुळीत झालेला आहे. ‘संघभावना’, ‘सांघिक कार्य’ हे शब्द प्रत्येक प्रशिक्षण वर्गात उच्चारले जातात, टाळ्या पडतात, आणि सोमवारी प्रत्येक शिक्षक आपल्या वर्गाचे दार लोटून घेतो. म्हणून शब्दांपेक्षा प्रत्यक्ष कामाकडे पाहिलेले बरे.

दोन शिक्षकांची शाळा

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० मुलांना तीन आणि ९१ ते १२० मुलांना चार शिक्षक असे प्रमाण ठरविलेले आहे. वाड्यावस्त्यांवरच्या कित्येक शाळा त्यामुळे द्विशिक्षकी आहेत. चार किंवा पाच इयत्ता, दोन शिक्षक, आणि त्या दोघांतच एकाकडे मुख्याध्यापकपदाचा कार्यभार. तो पंचायत समितीच्या बैठकीस गेला, की उरलेल्या एकाच शिक्षकासमोर सारी शाळा बसते.

अशा शाळेत सहकार्य हा सद्गुणाचा प्रश्न राहत नाही; तो साधा हिशेबाचा प्रश्न होतो. सर्वसाधारण पद्धत अशी, की एकाने पहिली-दुसरी घ्यावी आणि दुसऱ्याने तिसरी-चौथी. ही वाटणी सोयीची आहे, भांडण न होण्याची आहे, आणि तिच्यात एक मोठा दोषही आहे. पहिली-दुसरीच्या शिक्षकाला चौथीतील मुलांची नावे माहीत असतात. त्यांपैकी कोण अडखळत वाचतो, कोणाला भागाकार येत नाही, हे माहीत नसते. त्याचा सहकारी रजेवर गेला, की त्या दिवशी चौथीला पाढे लिहावयास सांगण्यापलीकडे त्याला काही करता येत नाही. याउलट, काही शाळांतून भाषेच्या तासाला इयत्तांच्या भिंती बाजूला ठेवतात. ज्यांना अद्याप अक्षरे जुळवावी लागतात अशी सर्व इयत्तांची मुले एका शिक्षकाकडे आणि वाचू लागलेली मुले दुसऱ्याकडे, अशी मांडणी करतात. काही दिवसांनी मुले या गटातून त्या गटात जातात. या पद्धतीत दोन्ही शिक्षकांना प्रत्येक मूल ओळखावे लागते, आणि रोज दहा मिनिटे तरी एकमेकांशी मुलांविषयी बोलावेच लागते. ती दहा मिनिटे झाली नाहीत, तर आठवड्यात गट कोलमडतात. सहकार्याचे खरे रूप एवढे साधे असते.

मोठ्या शाळेत अडचण निराळी. तेथे शिक्षक पुरेसे असतात. परंतु जबाबदारी पायऱ्यापायऱ्यांनी खाली ढकलली जाते. आठवीचा शिक्षक म्हणतो, सातवीत मुलांना अपूर्णांक आलेच नाहीत. सातवीचा शिक्षक पाचवीकडे बोट दाखवितो, पाचवीचा प्राथमिक शाळेकडे आणि प्राथमिक शाळेचे शिक्षक पालकांकडे. प्रत्येकाच्या तक्रारीत तथ्य असते, ही यातील खेदाची बाब. तिसरीत वाचन न येणारे मूल चौथीत जाते, चौथीतून पाचवीत. त्याच्या प्रगतिपुस्तकावर दर वर्षी निराळी सही होते. मुलाच्या दृष्टीने शाळा एकच असते. शिक्षकांच्या दृष्टीने मात्र ती दहा वेगवेगळ्या वर्गांची असते, आणि या दोन दृष्टींच्या मधल्या फटीत ते मूल हरवते.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये शिक्षकी व्यवसायावर लिहिलेल्या ग्रंथात शाळेच्या या रचनेला अंड्यांच्या खोक्याची उपमा दिली. प्रत्येक अंडे आपल्या खाचेत सुरक्षित. शेजारच्याला धक्का लागत नाही, पण स्पर्शही होत नाही. उपमा परदेशी असली, तरी आपल्याकडील वर्गखोल्यांची रांग आणि तिच्यापुढचा लांब व्हरांडा पाहिला, म्हणजे ती परकी वाटत नाही.

पुण्यातील दोन दाखले

महाराष्ट्राला या बाबतीत फार दूर पाहावयास नको. १० ऑक्टोबर १८५६ रोजी सावित्रीबाई फुले यांनी माहेरी, नायगावी, आजारपणानंतर विश्रांती घेत असताना जोतीरावांना पत्र लिहिले. आपल्या अनुपस्थितीत फातिमावर सारा भार पडला असेल, परंतु ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचा उल्लेख त्यात आहे. फातिमा म्हणजे फातिमा शेख. त्या एका वाक्यात शाळेच्या इतिहासातील एक फार मोलाची गोष्ट दडलेली आहे. शाळा चालविणारी शिक्षिका आजारी पडली, तरी शाळा चालली. कारण तिच्या जागी उभी राहणारी दुसरी होती, आणि आपल्या सहकारिणीवर किती भार पडत असेल याची जाणीव पहिलीला होती. ज्या काळी मुलींना शिकविणे हेच समाजाच्या रोषाला आमंत्रण होते, त्या काळातील हा दाखला आहे. आजही आजारी शिक्षिकेच्या जागी ‘ऑफ’ तास कोणी घ्यायचा, यावरून शिक्षक खोलीत जे वातावरण तापते, ते पाहता या पत्राचे वाचन करावयास हरकत नाही.

दुसरा दाखला अधिक विस्ताराने पाहण्यासारखा आहे. कारण त्यात यश आणि अपयश दोन्ही आहेत. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी नोकरी सोडली आणि १८८० च्या जानेवारीत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. बाळ गंगाधर टिळक आणि माधवराव नामजोशी हे त्यांचे सहकारी होते. वामन शिवराम आपटे लवकरच येऊन मिळाले, आणि एम्. ए. ची परीक्षा देऊन गोपाळ गणेश आगरकर १८८१ मध्ये दाखल झाले. यांपैकी कोणीही दुसऱ्याचा नोकर नव्हता. शाळा शिकविणाऱ्यांची होती आणि तीच माणसे तिचा कारभार पाहत होती. कोशकार म्हणून पुढे ख्याती पावलेल्या आपट्यांकडे शाळेच्या व्यवस्थेची मुख्य जबाबदारी आली, ती त्यांच्या अंगच्या शिस्तीमुळे. चिपळूणकर संस्थापक होते, वडीलधारे होते, म्हणून सर्व सूत्रे त्यांच्याच हाती असली पाहिजेत, असा आग्रह कोणी धरला नाही.

या रचनेची कसोटी फार लवकर, १८८२ या एकाच वर्षात लागली. मार्चमध्ये चिपळूणकर निवर्तले. त्यांचे वय अवघे एकतीस वर्षांचे होते. त्यानंतर कोल्हापूर प्रकरणातील अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर यांना शिक्षा झाली व त्यांनी मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. म्हणजे अवघ्या दोन-अडीच वर्षांच्या शाळेने काही महिन्यांच्या अवधीत आपला संस्थापक गमावला आणि आणखी दोन आधारस्तंभ तुरुंगात गेले. कोणतीही एकखांबी संस्था एवढ्यात मोडून पडली असती. न्यू इंग्लिश स्कूल बंद पडले नाही. १८८४ मध्ये त्याच मंडळींनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली आणि १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. आजीव सभासद ही कल्पना या संस्थेने रुजविली. ठरावीक वर्षे संस्थेची सेवा करण्याची शपथ घ्यायची, बेताच्या वेतनावर राहायचे, आणि संस्थेचा अंतर्गत कारभार सभासदांच्या मंडळाने मिळून करायचा. पुढे महाराष्ट्रातील अनेक शिक्षणसंस्थांनी या ना त्या रूपात हीच पद्धती स्वीकारली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेतील आजीव सेवकांची परंपरा याच जातकुळीची आहे.

आणि तरीही १८९० मध्ये टिळकांनी सोसायटीचा राजीनामा दिला. त्यामागे सामाजिक सुधारणेविषयीचे मतभेद होते, हे सर्वश्रुत आहे. आगरकरांनी १८८७ मध्ये ‘केसरी’ सोडून १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला, तेव्हाच ते जगजाहीर झाले होते. परंतु संस्थेच्या आत जे वाद झाले, ते बरेचसे रोजच्या कारभाराचे होते. सभासदांचे वेतन वाढवावे की नाही, बाहेरची कामे करून कोणी अर्थार्जन करावे की नाही, सार्वजनिक कार्यात किती वेळ द्यावा, असे ते प्रश्न होते. गोपाळ कृष्ण गोखले यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले, तेही एक निमित्त झाले. सभासदाने आपला सारा वेळ संस्थेला द्यावा, हे टिळकांचे म्हणणे होते. संसार चालविणाऱ्या शिक्षकाला थोडी मोकळीक हवी, हे इतरांचे. दोन्ही बाजूंना तत्त्व होते. बिघडले ते असे, की या गोष्टी प्रारंभी स्पष्ट लिहून ठरविलेल्या नव्हत्या. परस्परांचा स्नेह आणि त्याग यांवर सारी भिस्त होती. स्नेह होता तोवर ती पुरली.

या इतिहासाकडे पाहून कोणी म्हणेल, की पहा, सामूहिक नेतृत्वाची परिणती शेवटी फाटाफुटीतच झाली. तो निष्कर्ष घाईचा ठरेल. टिळक गेले, १८९२ मध्ये आपटे गेले, १८९५ मध्ये आगरकर गेले. गोखले १९०२ पर्यंत शिकवीत राहिले आणि संस्था आजही उभी आहे. एवढ्या तोलामोलाची माणसे एकामागून एक गेल्यावरही टिकून राहण्याची ताकद तिच्यात आली ती मंडळाने मिळून कारभार करण्याच्या सवयीतून. वाद टाळता आले असते का, हा प्रश्न निराळा. तो सुटावयाचा, तर कोणाचे काम किती, कोणाचा वेळ किती आणि निर्णय कोणाचा, हे आधी बसून ठरवावे लागते. हे आजच्या पाच शिक्षकी शाळेलाही लागू आहे.

कोसबाडची टेकडी

ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ तेथे त्यांच्या सहकारी झाल्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर आले. आदिवासी पाड्यांवरची मुले गुरे राखावयास जात, म्हणून शाळेत येत नसत. तेव्हा शाळाच गुरांमागे कुरणात नेण्याची कल्पना पुढे आली आणि ‘कुरणशाळा’ हा शब्द मराठीला मिळाला. अशी कल्पना कार्यालयात बसून सुचत नाही. रोज पाड्यावर मुलांना बोलवावयास जाणारा कार्यकर्ता परत येऊन सांगतो की अमुक मुले या कारणाने येणार नाहीत, आणि ऐकणारी प्रमुख त्याच्यावर रागावत नाही, तेव्हा ती सुचते. ताराबाई १९७३ मध्ये निवर्तल्या. अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे आणखी जवळजवळ दोन दशके, हे काम चालविले. प्रमुख व्यक्तीच्या हयातीतच तिच्या सहकाऱ्याने कामाचा प्रत्येक धागा हाताळलेला होता, म्हणून हे शक्य झाले.

जिल्हा परिषदेच्या शाळांना हा मुद्दा विशेष लागू पडतो. तेथे प्रमुख व्यक्ती निवर्तण्याची वाट पाहावी लागत नाही. बदलीचा आदेश पुरतो. एखाद्या उत्साही शिक्षकाने चार-पाच वर्षे खपून शाळा नावारूपाला आणावी, वर्तमानपत्रांनी छायाचित्रे छापावीत, दूरदूरचे लोक पाहावयास यावेत, आणि त्याची बदली होताच दोन वर्षांत शाळा पूर्वीच्या जागी यावी, हे चित्र प्रत्येक तालुक्याने पाहिलेले आहे. गावकरी बदली थांबविण्यासाठी शाळेला कुलूप लावतात. त्यांची भावना समजण्यासारखी आहे. तथापि, ज्या शाळेचे भवितव्य एका माणसाच्या बदलीवर टांगलेले आहे, ती मुळातच कच्च्या पायावर उभी होती, असेही म्हणावे लागते. आणि तो दोष त्या शिक्षकाचा असेलच असे नाही. पारितोषिके एकेकट्यालाच मिळतात, आदर्श शिक्षक एकच निवडला जातो, म्हणून सारी व्यवस्थाच त्याला एकटे पाडते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी त्यातील निम्मी रक्कम अंतिम फेरीतील उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून देण्याचे जाहीर केले. त्या कृतीचे कौतुक झाले, तसा तिचा अर्थही ध्यानात घ्यावयास हवा. राज्य शासनाने २०२३-२४ मध्ये ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ या अभियानात व्यक्तीऐवजी शाळेला पारितोषिक देण्याची योजना आखली. या दिशेने आणखी काही होण्यास वाव आहे.

शाळांचा शेजार

एका शाळेतील शिक्षक जसे आपापल्या खोलीत एकटे, तशा शाळाही आपापल्या गावात एकट्या. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने १९६६ मध्ये दिलेल्या अहवालात यावर शाळा संकुलाचा उपाय सुचविला. कोल्हापूर जिल्ह्याचे सुपुत्र जे. पी. नाईक हे त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते. एका माध्यमिक शाळेभोवतीच्या प्राथमिक शाळा तिच्याशी जोडाव्यात, त्यांतील शिक्षकांनी एकत्र येऊन कामाची आखणी करावी, प्रयोगशाळा व ग्रंथालय यांचा लाभ सर्वांनी घ्यावा, आणि अशा गटाला काही प्रमाणात निर्णयाचे स्वातंत्र्य द्यावे, अशी ती कल्पना होती. एकाकीपणा घालविणे हा तिचा गाभा. महाराष्ट्रात १९९० च्या दशकात केंद्र शाळा आणि केंद्रप्रमुख ही रचना उभी राहिली, ती याच विचाराच्या जवळची. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही शाळा संकुलाची कल्पना पुन्हा मांडलेली आहे. लहान शाळा बंद करून मुलांना दूरच्या शाळेत हलविणे ही वेगळी गोष्ट आहे आणि तिची संकुलाशी गल्लत होता कामा नये. संकुलात शाळा जागच्या जागी राहतात. एकत्र येतात ते शिक्षक.

केंद्राच्या शिक्षण परिषदेचे प्रत्यक्ष स्वरूप मात्र पुष्कळदा निराशाजनक असते. परिपत्रके वाचून दाखविली जातात, माहितीचे तक्ते भरून मागितले जातात, एखाद्या शिक्षकाचा नमुना पाठ होतो, चहा होतो. नमुना पाठाच्या वेळी मुले निवडक असतात आणि पाठ आधी दोनदा घोटलेला असतो, हे सर्वांना ठाऊक असते. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील शाळांनी गेल्या दशकात निराळा अनुभव दिला. तेथे एक शाळा नव्हे, तर बीटमधल्या अनेक शाळा एकमेकींच्या बरोबरीने बदलल्या, आणि राज्याच्या कानाकोपऱ्यांतून शिक्षक ते पाहावयास गेले. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा अशा भेटींना वेग आला. परत आलेल्यांपैकी काहींनी फरशा आणि भिंती रंगविल्या. काहींनी सहकाऱ्यांना बसवून घेऊन, आपल्या शाळेत यातले काय करता येईल, असे विचारले. पहिल्या प्रकारच्या कामाचे रंग आता उडाले आहेत.

तेरातून नऊ

जपानमधील प्राथमिक शिक्षकांत ‘जुग्यो केन्क्यू’, म्हणजे पाठाचा अभ्यास, नावाची पद्धत दीर्घकाळ प्रचारात आहे. जेम्स स्टिगलर आणि जेम्स हीबर्ट यांच्या १९९९ मधील पुस्तकाने ती जगाच्या नजरेस आणली. तीत चार-सहा शिक्षक मिळून एकच पाठ तयार करतात. त्यांतील एक जण तो आपल्या वर्गात घेतो. बाकीचे वर्गात उभे राहून पाहतात. परंतु ते शिक्षकाकडे पाहत नाहीत, मुलांकडे पाहतात. नंतर सर्व जण बसून मुलांना काय समजले, कोठे अडले, याची चर्चा करतात, आणि सुधारलेला पाठ दुसरा शिक्षक दुसऱ्या वर्गात घेतो.

उदाहरणार्थ, हातच्याच्या वजाबाकीचा पहिला पाठ घ्यावा. सुरुवातीला कोणती संख्या द्यावी? वरवर पाहता हा प्रश्न क्षुल्लक आहे. परंतु ‘अकरातून दोन’ दिले, तर मुले अकरापासून उलटे मोजून नऊ सांगतात. दशक सुटा करण्याची त्यांना गरजच पडत नाही. ‘तेरातून नऊ’ दिले, तर उलटे मोजणे लांबते. काही मुले दहातून नऊ काढून उरलेला एक तिनात मिळवितात. काही मुले आधी तीन काढून दहावर येतात आणि मग आणखी सहा काढतात. दोन्ही रीती बरोबर आहेत. कोणती रीत मुलांकडून आधी यावी, फळ्यावर कोणती आधी लिहावी, बोटांवर मोजणाऱ्या मुलाला काय विचारावे, यावर शिक्षक तासभर वाद घालू शकतात. त्या तासाभरात नवा शिक्षक जे शिकतो, ते दहा दिवसांच्या प्रशिक्षणातही मिळणे कठीण. मुख्य म्हणजे पाठ फसला, तर तो सर्वांचा फसलेला असतो. ज्याने तो घेतला, त्याची मान खाली जात नाही. आपल्याकडे वर्गात दुसरे कोणी येऊन बसले, की ती तपासणी असते, आणि टाचणवही, लॉगबुक यांची धांदल उडते. म्हणून सहकाऱ्याने सहकाऱ्याचा वर्ग पाहणे ही रीत सुरू करताना पहिला वर्ग मुख्याध्यापकाने स्वतःचा दाखवावा. तेही बसविलेला पाठ नव्हे, नेहमीचा.

काम वाटणे आणि अधिकार वाटणे

मुख्याध्यापकाच्या जबाबदाऱ्या कायद्याने त्याच्या आहेत. जनरल रजिस्टर, शालेय पोषण आहाराचा हिशेब, अनुदानाचा खर्च, यू-डायसची माहिती, शाळा व्यवस्थापन समितीचे कामकाज, यांचे उत्तर त्यालाच द्यावे लागते. सामूहिक नेतृत्वाच्या नावाखाली हे उत्तरदायित्व झटकता येणार नाही. आणि दुसरीकडे, काम वाटले म्हणजे नेतृत्व वाटले, असेही होत नाही. बहुतेक शाळांतून क्रीडा समिती, सांस्कृतिक समिती, परिपाठ समिती, विषय समित्या अशा याद्या जूनमध्येच तयार होऊन भिंतीवर लागतात. त्यांतील शिक्षक राबतात. मात्र दहा रुपयांचा कागद आणावयाचा, तरी त्यांना कार्यालयात यावे लागते. वाचनाची जबाबदारी एखाद्या शिक्षिकेवर सोपविली असेल, तर कोणती पुस्तके घ्यावीत, कोणत्या वर्गाचा कोणता तास त्यासाठी द्यावा आणि सहामाहीनंतर काय बदलावे, हे तिला ठरविता आले पाहिजे. तिचा एखादा निर्णय चुकला, तर चार लोकांसमोर तो फिरवू नये; तिलाच फिरवू द्यावा.

सेवाज्येष्ठतेचा प्रश्न येथे अवघड जागी येतो. पद ज्येष्ठतेने मिळते आणि ते योग्यही आहे. परंतु पहिलीच्या मुलांना वाचावयास कसे शिकवावे, हे शाळेत सर्वांत चांगले जिला कळते, ती कदाचित नुकतीच रुजू झालेली शिक्षणसेविका असेल. पंचवीस वर्षे सेवा झालेल्या शिक्षकाने तिच्या वर्गात बसून पाहावे, यात त्याचा मान कमी होत नाही, असे सांगणे सोपे आहे. शिक्षक खोलीत ते घडविणे सोपे नाही. ते घडते ते मुख्याध्यापक स्वतः तिला ‘ताई, हे जरा समजावून सांगा’ असे सर्वांदेखत म्हणतो तेव्हा. ज्येष्ठांकडेही असे पुष्कळ असते, जे नव्यांना ठाऊक नसते. कोणत्या घरातील मुलगी सुगीच्या वेळी शाळा सोडते, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाशी कोणत्या महिन्यात बोलावे, गावातल्या कोणत्या माणसाचा शब्द चालतो, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नसते.

वेळ कोठून आणावा, हा आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो खोटा नाही. तथापि, शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास मोजताना त्यांत पाठाच्या तयारीचे तासही धरलेले आहेत, ही २००९ च्या कायद्याच्या अनुसूचीतील तरतूद फारशी कोणी उच्चारत नाही. तयारी ही शिक्षकाची घरगुती बाब नसून कामाचा भाग आहे, हे कायद्याने मान्य केलेले आहे; मग ती काही अंशी एकत्र बसून का करू नये? शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर पाऊण तास हाती लागतो. सायंकाळी उशिरा बैठक ठेवू नये. शेवटची एस. टी. गाठावयाची असलेली किंवा लहान मूल घरी ठेवून आलेली शिक्षिका अशा बैठकीत शरीराने असते, मनाने नसते. तिचे मत मग कोणाला कळत नाही. बैठकीत परिपत्रके वाचू नयेत, ती फलकावर लावावीत. एका बैठकीला एकच प्रश्न पुरे, आणि तो मुलांच्या नावानिशी असावा. ‘वाचनात मागे असलेली मुले’ असा मोघम विषय ठेवला, तर चर्चा पालकांच्या उदासीनतेवर घसरते. ‘चौथीतील या सात मुलांना जोडाक्षरे का येत नाहीत’ असा ठेवला, तर टाळाटाळीला जागा उरत नाही.

मतभेद होतील. ते नाहीत असे दाखविण्याची शाळांना सवय आहे, आणि मग ते शिक्षक संघटनांच्या गटबाजीतून किंवा गावातल्या राजकारणातून बाहेर पडतात. बैठकीच्या नोंदवहीत निर्णयाबरोबर विरोधी मतही लिहून ठेवावे. ज्याचे मत मानले गेले नाही, त्याला निदान ते ऐकले गेल्याचा पुरावा राहतो. निर्णय किती दिवसांसाठी, हेही तेथेच लिहावे. दिवाळीपर्यंत असे करून पाहू, असे म्हटले की नाखूष सहकारीही हात लावतो.

बदलीच्या वेळी शाळेत कार्यभाराची देवघेव होते. जडवस्तू संग्रहाची नोंदवही, कपाटाच्या किल्ल्या, शिल्लक रोकड, पोषण आहाराचा तांदूळ, सारे मोजून घेतले जाते आणि दोघांच्या सह्या होतात. त्याच कागदाला आणखी एक कागद जोडावयास कोणत्याही शासन निर्णयाची आवश्यकता नाही. वर्गातील प्रत्येक मुलासाठी दोन-तीन ओळी लिहाव्यात : काय येते, काय येत नाही, काय करून पाहिले आणि त्यातले काय उपयोगी पडले नाही. चाळीस मुलांचा वर्ग असला, तर त्याला एक दुपार लागेल. येणाऱ्या शिक्षकाचे त्यामुळे निदान दोन महिने वाचतील. आणि त्या चाळिसांत जे मूल मागच्या बाकावर गप्प बसते, त्याला पुन्हा पहिल्यापासून अनोळखी व्हावे लागणार नाही.